कोकमाचे सरबत

कोकणात एप्रिल-मे महिन्यांत रातांब्याची झाडे लालबुंद फळांनी लगडतात, आणि घरोघरी वर्षभराच्या सरबताची तयारी सुरू होते. पिकलेली फळे धुऊन कोरडी पुसावीत. ओल राहिली तर बुरशी येते. ती मधोमध कापून गर व बिया काढाव्यात. बिया मात्र फेकू नयेत. थंडीत फुटलेल्या टाचांना लावायचे कोकमतेल त्यांचेच असते. सालींच्या वाट्यांत साखर भरून त्या काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीत रचाव्यात. सालींच्या दुप्पट वजनाची साखर लागते. बरणीला दादरा बांधून ती आठवडाभर उन्हात ठेवली, की साखर सालींतला रस ओढून घेते व गडद लाल पाक तयार होतो. तो गाळून त्यात मीठ व जिरेपूड घालतात. वेगळा रंग घालण्याचे कारणच नाही.

उन्हातून आलेल्या माणसाला या सरबताने तरतरी येते, म्हणून पुष्कळजण ते औषधच मानतात. परंतु इतकी साखर मधुमेही व्यक्तीस बाधते. मिठातले आगळ बिनसाखरेचे खरे. तथापि उच्च रक्तदाब असलेल्यांनी तेही जपूनच घ्यावे. अशांसाठी ताज्या साली पाण्यात कुस्करून गाळाव्यात. हा रस टिकत नाही. तो त्याच दिवशी संपवावा.