चंद्राची भौतिक व कक्षीय वैशिष्ट्ये आणि जालन्यातील चंद्रोदय

प्रस्तावना :
संकष्टी चतुर्थीचा उपवास चंद्रदर्शनानंतर सोडला जातो. त्यामुळे चंद्रोदयाची वेळ हा घरोघरी जिव्हाळ्याचा विषय आहे. परंतु मुंबईसाठी दिलेली वेळ नवीन जालन्यात जुळत नाही. या फरकाची कारणमीमांसा करताना चंद्राच्या मूलभूत वैशिष्ट्यांचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भौतिक वैशिष्ट्ये :
चंद्राचा व्यास सुमारे ३,४७५ कि.मी., म्हणजे पृथ्वीच्या व्यासाच्या एक-चतुर्थांशाहून किंचित अधिक आहे. वस्तुमान मात्र पृथ्वीच्या १/८१ असून पृष्ठभागावरील गुरुत्वाकर्षण सुमारे एक-षष्ठांश आहे. चंद्रावरील काळसर डाग ही बेसाल्ट खडकाची मैदाने होत. मराठवाड्यातील काळा पाषाणही बेसाल्टच आहे. म्हणूनच शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील, आघातामुळे बेसाल्टमध्ये निर्माण झालेले लोणार विवर चांद्रविवरांच्या अभ्यासात महत्त्वाचे ठरते.

कक्षीय वैशिष्ट्ये :
चंद्राचे पृथ्वीपासूनचे सरासरी अंतर ३,८४,४०० कि.मी. आहे. ताऱ्यांच्या संदर्भात त्याची एक प्रदक्षिणा २७.३२ दिवसांत पूर्ण होते. स्वतःभोवती फिरण्यासही त्याला तेवढाच काळ लागत असल्याने त्याची एकच बाजू आपणास दिसते. दरम्यान पृथ्वीही सूर्याभोवती पुढे सरकलेली असते. म्हणून दोन पौर्णिमांमधील सरासरी अंतर २९.५३ दिवस होते. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली असल्याने प्रत्येक पौर्णिमेस ग्रहण होत नाही.

सूर्य व चंद्र यांतील कोनीय अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने चंद्राची गती कमी-अधिक होते व तिथी सुमारे २० ते २७ तासांची असू शकते. तिथीचा क्षय व वृद्धी यांचे मूळ यातच आहे.

जालन्यातील चंद्रोदय :
चंद्र पूर्वेकडे सरकत असल्याने चंद्रोदय दररोज सरासरी ५० मिनिटे उशिरा होतो. जालना मुंबईच्या पूर्वेस सुमारे ३ रेखांशांवर आहे. प्रत्येक रेखांशास ४ मिनिटे याप्रमाणे येथे चंद्र सुमारे १२ मिनिटे आधी उगवतो. तिथी मात्र सर्वत्र एकाच क्षणी बदलते. चतुर्थी नेमकी या १२ मिनिटांत सुरू झाल्यास मुंबईत चंद्रोदयी चतुर्थी असेल, जालन्यात नसेल.

निष्कर्ष :
विद्यार्थी वरील आकडे पाठ करतात; परंतु आकाशाशी त्यांची सांगड घालत नाहीत. महाविद्यालयाच्या गच्चीवरून चंद्रोदयाच्या वेळा नोंदवून त्यांची मुंबईच्या वेळांशी तुलना केल्यास, कोणत्याही उपकरणाशिवाय हे विज्ञान प्रत्यक्ष अनुभवता येईल.