मिरवणुकीचा आवाज आणि लहानग्याची गोष्ट

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेचा पहिला ठोका पडतो आणि एखादे चार-पाच वर्षांचे लेकरू दोन्ही कान दाबून किंचाळू लागते. हे दृश्य आपल्या वस्त्यांना नवे नाही. बाप खेकसतो, आई त्याला कडेवर घेऊन घरात पळते आणि शेजारीण म्हणते, ‘लाडावून ठेवलंय.’ त्या पोराच्या डोक्यात काय चालले आहे, हे विचारायला कुणाला सवड नसते. मोठ्या माणसांच्या हक्कांवर आपण रात्र रात्र भाषणे ऐकतो; पण घरातल्या पोराशी आपण कोणत्या भाषेत बोलतो? उठ, बस, गप्प राहा, हात लावू नको, मार खाशील. दिवसभर हुकूमच हुकूम. कारण मात्र कुणी सांगत नाही.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात शालेय मुलांसोबत काम करणाऱ्या कॅरोल ग्रे या शिक्षिकेने १९९१ च्या सुमारास नेमके हेच हेरले. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेली मुले शाळेत हट्टी ठरवली जात होती. पण पुष्कळदा त्यांना समोर काय चालले आहे आणि लोक तसे का वागत आहेत, हेच उमगत नसे. मोठ्यांना जे न सांगता कळते, ते या मुलांना कुणीतरी शब्दांत मांडून द्यावे लागते. त्यासाठी ग्रे बाईंनी छोट्या छोट्या गोष्टी लिहायला सुरुवात केली. त्यांना ‘सोशल स्टोरीज’ म्हणतात. आज या गोष्टी इतर लहान मुलांसाठीही वापरल्या जातात.

इसापनीतीसारखी ही गोष्ट नव्हे. यात कोल्हा नाही, करकोचा नाही, शेवटी तात्पर्यही नाही. यात असते ते फक्त त्या मुलाच्या आयुष्यातील एक प्रसंग आणि त्याची खरी माहिती. गोष्ट ‘मी’ म्हणून किंवा तिसऱ्या माणसाबद्दल असावी; ‘तू असं कर’ ही भाषा त्यात नको. ‘नेहमी’ असे न लिहिता ‘बहुतेक वेळा’, ‘कधी कधी’ असे लिहावे, कारण एकदा जरी तसे घडले नाही तरी असे मूल गोंधळून जाते. एक सूचना लिहायची तर तिच्यासोबत किमान दोन वाक्ये माहितीची हवीत. आणि मला सर्वांत मोलाचा वाटतो तो नियम असा की, मुलासाठी लिहिलेल्या गोष्टींपैकी निदान निम्म्या गोष्टी त्याला आधीच चांगले जमते त्याच्या कौतुकाच्या असाव्यात. आपल्याकडे कौतुक दहावीच्या निकालापर्यंत राखून ठेवलेले असते!

मिरवणुकीची गोष्ट अशी होऊ शकेल :

‘१४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती असते. त्या दिवशी आमच्या वस्तीतून मिरवणूक निघते. लोकांना आनंद होतो, म्हणून ते नाचतात आणि गाणी लावतात. आवाज बहुतेक वेळा मोठा असतो. काही मुलांना मोठा आवाज त्रास देतो. मलाही देतो. मी कानांवर हात ठेवू शकतो. मी आईचा हात ओढला की आई मला आजीच्या घरी नेईल. थोड्या वेळाने मिरवणूक पुढे जाते आणि आवाज कमी होतो.’

झाली गोष्ट. वहीच्या पानावर लिहावी, जमेल तशी चित्रे काढावीत किंवा मोबाईलवर आपल्याच गल्लीचे फोटो काढून दाखवावेत. चार-आठ दिवस आधीपासून, लेकरू शांत असताना ती वाचून दाखवावी. आजीला अक्षरओळख नसेल तर तिने तोंडी सांगावी, फक्त शब्द रोज तेच ठेवावेत. रडारड चालू असताना किंवा शिक्षा म्हणून गोष्ट काढू नये. अंगणवाडीतली लस, नळावरची रांग, सार्वजनिक शौचालय, केस कापणे, आईचे पहाटे कामाला जाणे, अशा कोणत्याही प्रसंगाची गोष्ट करता येते.

ही काही जादूची कांडी नाही. इंग्लंडमधील शाळांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मुलांच्या एकूण सामाजिक वागण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. पण त्या त्या मुलापुरते ठरवलेले छोटे उद्दिष्ट मात्र गोष्ट वाचणाऱ्या मुलांनी अधिक वेळा गाठले. मूल उशिरा बोलत असेल, हाकेला ओ देत नसेल, तर नुसत्या गोष्टीवर थांबू नका. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत तपासणीला येतात, त्यांना दाखवा. २०१६ च्या अपंगत्व हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. ही माहिती आपल्या वस्त्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे.

आता एक धोका. गोष्ट कोण लिहितो, याला फार महत्त्व आहे. ‘मला सगळ्यांच्या मागे बसवतात. मी शांत बसतो. बाईंना आवडते,’ अशी गोष्टही कुणी लिहू शकेल आणि तिला शिस्तीचे शिक्षण म्हणू शकेल. सातारच्या शाळेत लहानग्या भिवाला वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, शिपाई नसला तर पाणीही मिळत नसे. त्या काळी असल्या गोष्टी लिहिल्या जात्या, तर अन्याय सोसायला शिकवणारा तो गोड धडाच ठरला असता. म्हणून प्रसंगच चुकीचा असेल तेव्हा गोष्टीने तसे स्पष्ट म्हणावे : ‘जात विचारून वेगळे बसवणे चूक आहे. यात माझा दोष नाही. मी घरी आईला सांगतो. आई शाळेत येऊन बोलेल.’ आणि आईने खरोखर जावे. नाहीतर गोष्ट खोटी ठरते आणि लेकरू पुढच्या गोष्टीवर विश्वास ठेवत नाही.

मिरवणुकीचेही तेच. कान झाकणे हा काही त्या पोराचा गुन्हा नव्हे. सगळे जुळवून घेणे त्याच्याच माथी का? जयंती मंडळांनी मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ चार दिवस आधी फळ्यावर लिहावी, आणि अशी मुले असलेल्या गल्लीतून जाताना आवाज उतरवावा. मग आईला त्या गोष्टीत आणखी एक वाक्य घालता येईल : ‘आमच्या घरासमोर दादा लोक आवाज कमी करतात.’