रंग धरणारं चिपाड

पाण्यातला रंग काढायला गुऱ्हाळावरून आणलेलं उसाचं चिपाड तसंच रंगीत पाण्यात टाकून चालत नाही. त्यात उरलेली साखर आणि त्याचा स्वतःचा तपकिरी रंग पाण्यात उतरतो. पाणी आणखीच बिघडतं. म्हणून कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पहिलं काम असतं ते धुण्याचं. गरम पाणी ओतायचं, ढवळायचं, निथळायचं. पाणी नितळ येईपर्यंत हेच. मग १०५ अंशांवर वाळवायचं, दळायचं, चाळायचं.

तिथल्या एका विद्यार्थिनीनं ही भुकटी मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या द्रावणात टाकून चंबू शेकरवर, म्हणजे हलवणाऱ्या यंत्रावर, चढवला. सुरुवातीला निळाई झपाट्यानं उतरली. पुढे वेग मंदावला, कारण भुकटीवरच्या मोकळ्या जागा भरत आल्या होत्या. गाळल्यावर कागदावर गडद निळी भुकटी राहिली, खाली फिकट पाणी. पण इथे डोळ्यांवर विसंबत नाहीत. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, ६६४ नॅनोमीटरला, पाणी किती प्रकाश शोषतं ते मोजून उरलेला रंग काढतात.

चिपाडातल्या सेल्युलोज आणि लिग्निनवर हायड्रॉक्सिल, कार्बोक्सिल गट असतात. पाण्यात त्यांच्यामुळे भुकटीवर ऋणभार येतो आणि धनभारित मिथिलीन ब्लू तिला चिकटतो. आम्ल वाढलं की हायड्रोजन आयन त्याच जागा अडवतात आणि चिकटणारा रंग कमी होतो.

मला जास्त शिकवलं ते शेजारच्या चंबूनं. त्यात सुती कापडासाठीचा लाल रिॲक्टिव्ह रंग होता. भुकटी तीच, वेळ तेवढाच. पाणी मात्र लालच राहिलं. हा रंग ऋणभारित, भुकटीही ऋणभारित, मग चिकटणार कसा? इचलकरंजीसारख्या सुती कापडाच्या गावात कापड रंगवण्याच्या प्रोसेसच्या सांडपाण्याचा प्रश्न बराचसा याच जातीच्या रंगांचा आहे. तिथे चिपाडावर प्रक्रिया करून धनभारित गट बसवावे लागतात. त्या रसायनांचा खर्च धरावा लागतो. चिपाडही फुकट नाही. साखर कारखाने त्यावर बॉयलर पेटवतात, वीज काढतात.

शेतीतल्या अशा मालानं पाणी शुद्ध करणं प्रयोगशाळेपुरतं राहिलेलं नाही. भाताच्या तुसाची राख आणि चांदीचे अतिसूक्ष्म कण वापरणारा ‘टाटा स्वच्छ’ हा घरगुती फिल्टर २००९ मध्ये बाजारात आला. त्याचं काम जंतू रोखण्याचं, पण त्यातलंही कार्ट्रिज ठरावीक पाण्यानंतर बदलावंच लागायचं.

कारण कुठलाही असा माल कधीतरी भरतोच. निळ्या भुकटीतला रंग नाहीसा झालेला नसतो, तो फक्त पाण्यातून तिच्यावर आलेला असतो. आम्लानं धुतली तर ती पुन्हा वापरता येते, पण रंग त्या आम्लात उतरतो. रंगाऐवजी पाण्यातलं शिसं किंवा क्रोमियम धरलेली भुकटी जाळली तर धातू राखेत किंवा धुरात जातात. ती शेतात पसरणं तर नकोच.

म्हणून अशा प्रकल्पाला किती टक्के रंग गेला, एवढंच विचारून भागणार नाही. रंग कुठल्या जातीचा होता आणि भरलेली भुकटी कुठे गेली, हेही विचारलं पाहिजे. या दोन्हींची चोख उत्तरं मिळाली, तर इथल्या पंचगंगा नदीच्या पाण्यावर वाढलेल्या उसाचं चिपाड पंचगंगेच्या कामी येईल, असं मला मनापासून वाटतं.