जुन्या छोट्या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगमधील झीज : कारणे व सुधारणा

प्रस्तावना : नाशिक, सांगली या जिल्ह्यांतील द्राक्षबागांमध्ये आंतरमशागत व फवारणीसाठी छोट्या ट्रॅक्टरचा वापर केला जातो. १५ अश्वशक्तीचा 'महिंद्रा युवराज २१५' हे या वर्गाचे परिचित उदाहरण होय. वेलींच्या दोन ओळींमधून जाताना स्टिअरिंग सैल असलेला ट्रॅक्टर भरकटल्यास खोड सोलले जाते व चालकासही धोका संभवतो. केवळ एवढ्यासाठी ट्रॅक्टर भंगारात काढणे लहान शेतकऱ्यास परवडणारे नाही. प्रस्तुत लेखात या झिजेची कारणे व उपाय यांचा विचार केला आहे.

झिजेचे स्वरूप : पुढचे चाक ज्या उभ्या पिनभोवती वळते तिला किंग पिन म्हणतात. ही पिन बुशमध्ये फिरते. तिच्यावर दोन प्रकारचे भार येतात. चाकाला बसणारे आडवे धक्के बुश सोसते, तर ट्रॅक्टरच्या पुढील भागाचे वजन पिनच्या खांद्याजवळील वॉशरवर येते. चाक पिनच्या एका बाजूस असल्याने पिन तिरपी दाबली जाते आणि बुशच्या दोन्ही टोकांची झीज अधिक होते. ग्रीसमध्ये माती मिसळल्यास ही झीज वाढते. समजा, ८० मि.मी. लांबीच्या बुशमध्ये ०.८ मि.मी. ढिलाई आली, तर ३०० मि.मी. अंतरावर चाक सुमारे ३ मि.मी. हलते.

निदान : पुढचा ॲक्सल जॅकवर उचलून खाली भक्कम आधार द्यावा व चाक वर-खाली धरून हलवावे. चाकासोबत पिनही हलत असेल तर दोष बुशचा, फक्त चाक हलत असेल तर दोष चाकाच्या बेअरिंगचा समजावा.

सुधारणा : बुशच्या जागी बॉल बेअरिंग बसविणे ही सुधारणा वाटते, परंतु किंग पिन पूर्ण फेरा न घेता थोड्याच कोनात फिरते. त्यामुळे गोळ्या त्याच त्या जागी दाबल्या जाऊन तेथे खळगे पडतात. येथे गनमेटलची बुशच अधिक योग्य ठरते. बुश दाबून बसविल्यावर तिचे आतले छिद्र रीमरने साफ करावे, २५ मि.मी. पिनसाठी ०.०३ ते ०.०६ मि.मी. मोकळीक पुरेशी असते. पिन झिजली असल्यास तीही बदलावी. वजन पेलण्यासाठी वॉशरऐवजी थ्रस्ट बेअरिंग, धूळ रोखणारे सील व ग्रीस निप्पल बसवावे. मूळ सुटा भाग मिळत नसला तरी अंबरनाथच्या मोरिवली औद्योगिक क्षेत्रासारख्या ठिकाणी लेथवर अशी बुश तयार करून घेता येते.

निष्कर्ष : बेअरिंग किती महाग आहे यापेक्षा कोणता भार कोणत्या भागाने पेलावा हे ठरविणे महत्त्वाचे आहे. आडवा भार बुशवर, उभा भार थ्रस्ट बेअरिंगवर आणि दोहोंना नियमित ग्रीस, एवढी व्यवस्था केल्यास जुना ट्रॅक्टर पुन्हा विश्वासाने बागेत नेता येतो.