घरी जाण्याआधी बाळाचा ऑक्सिजन मोजा

हजारातल्या साधारण आठ-नऊ बाळांना जन्मजात हृदयदोष असतो. काही गंभीर दोष सुरुवातीला लपून राहतात, कारण गर्भातली एक रक्तवाहिनी तोवर उघडी असते. ती मिटली की बाळ अचानक निळं पडतं, आणि तोवर ते बहुधा घरी गेलेलं असतं. म्हणून जन्मानंतर २४ तासांनी उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावतात. सुई नाही, वेदना नाही. ऑक्सिजनचा आकडा ९० टक्क्यांच्या खाली गेला तर तातडीने पुढची तपासणी. सावळ्या बाळाचा निळेपणा नुसत्या डोळ्यांना चटकन दिसत नाही, त्यामुळे आपल्याकडे ही चाचणी अधिकच मोलाची. तरीही महाधमनी अरुंद असण्यासारखे दोष तिच्यातून निसटू शकतात. दूध पिताना बाळ दमत किंवा घामाघूम होत असेल, तर आकडा चांगला होता म्हणून थांबू नका. लगेच डॉक्टरांकडे न्या.