समाधिशिलांचे वाचन : गणना आणि भाषा

रोमन साम्राज्याच्या प्रांतांतील सामान्य माणसे आपणास मुख्यतः त्यांच्या समाधिशिलांवरील लेखांतून भेटतात. हे लेख कसे वाचावेत, ते येथे पाहू.

रिचर्ड सॅलर आणि ब्रेंट शॉ यांनी १९८४ मध्ये पश्चिमेकडील प्रांतांतील हजारो मृत्युलेखांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिला कोणी कोणासाठी उभारली, हे त्यांनी मोजले. सैनिकांव्यतिरिक्त इतरांच्या लेखांत पती-पत्नी, आईवडील व मुले हीच नाती बहुसंख्य आढळली. दूरचे आप्त क्वचितच दिसले. मात्र स्मारक उभारण्याचे कर्तव्य कोणाचे होते एवढेच यावरून कळते. घरात कोण कोण राहत होते, हे कळत नाही.

आता ब्रिटनमधील साउथ शील्ड्स येथे सापडलेली रेजिनाची शिला पाहा. रेजिना कॅटुव्हेलौनी या ब्रिटनमधील जमातीची, पूर्वाश्रमीची दासी. ती वयाच्या ३०व्या वर्षी वारली. तिचा पती बाराटीस सिरियातील पाल्मायराचा होता. लॅटिन लेखात तिचे नाव, नाते, जमात व वय आहे. परंतु विभक्तिप्रत्यय चुकलेले आहेत. त्याखालची पाल्मायरी ओळ मात्र सफाईदार असून तिचा शेवट 'हाय!' अशा अर्थाच्या शोकोद्गाराने होतो. ती वाचू शकणारे तेथे थोडेच असतील. ओळख राज्यभाषेत नोंदवली गेली; दुःख मातृभाषेत.

गणनेत ही शिला 'पती-पत्नी' या रकान्यातील केवळ एक नोंद ठरते. म्हणून दोन्ही वाचने आवश्यक आहेत.

स्वयं-अध्ययन प्रश्न : दोन भाषांतील मजकुरांत कोणता भेद आहे? त्याचे कारण काय असावे?