काळी पाचवरून निघालेला षड्ज

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात आणि तारखांवरून घासाघीस चालते. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं हे गाव. १९५७ आणि १९९० अशा दोन वेळा त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलं गेलं. फडात ढोलकी, हलगी आहेतच, त्यांच्या जोडीला आता कीबोर्डही आला. जुन्नर-आंबेगावात जॅझच्या मैफली भरत नाहीत. तरी जॅझची कॉर्ड बांधायला लागणारं निम्मं भांडवल इथल्या भजनी मंडळांच्या पेटीत कधीपासून पडून आहे, असं माझं मत आहे.

पेटीवाल्याला स्वर ठाऊक असतात. सा ग प नि एकदम दाबा, ही झाली मेजर सेव्हन्थ. नि कोमल केला की डॉमिनंट सेव्हन्थ, सोबत गही कोमल केला की मायनर सेव्हन्थ. वरच्या सप्तकातला रे घातला की नाइन्थ, ध घातला की थर्टीन्थ. एवढं तर एका संध्याकाळचं काम.

आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१ मध्ये सैल झाली. पेटीवर मींड निघत नाही आणि तिचे बारा स्वर सारख्या अंतराने कापलेले असतात, हे मुख्य आक्षेप. गंमत अशी, की जॅझला नेमके तेच सारखे कापलेले बारा स्वर लागतात.

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली हाताची. पेटीवर डावा हात भात्याला जुंपलेला, उजव्याने चार स्वर धरले की चाल वाजवायला बोटं उरत नाहीत. शिवाय पेटीचा स्वर दाबून ठेवाल तोवर वाजतच राहतो. खर्जातली भरगच्च कॉर्ड त्यामुळे नुसती घुमते. पियानोचा स्वर हातोडी पडताच विरू लागतो, म्हणून तिथे ती सुटी ऐकू येते. पायपेटीवर निदान दोन्ही हात मोकळे असतात.

दुसरी अडचण कानाची, आणि खरी तीच. आपला षड्ज एका जागी बसलेला असतो. भजन संपेपर्यंत तो उठत नाही. जॅझमध्ये मात्र पायाचा स्वर सतत चालत असतो. आधी रे म ध सा, मग प नि रे म, मग सा ग प नि. ही तीन पावलं जॅझमध्ये पदोपदी भेटतात. ती बारकाईने ऐका. पहिल्या कॉर्डमधला सा अर्धा स्वर उतरून नि होतो, म तसाच राहतो. पुढे म उतरून ग होतो, नि जागचा हलत नाही. पायपेटीवर किंवा कीबोर्डवर डाव्या हाताने फक्त पायाचा स्वर आणि उजव्याने हे दोनच स्वर वाजवले तरी गाडी कुठे निघाली ते कळतं. बाकीचे स्वर शोभेचे. शिकवणीत चार-चार बोटांचे आकार पाठ करून घेतात, ते मला उलटं वाटतं. आधी ही दोन स्वरांची वाट घोटावी.

एकदा ती बसली की पुढची करामत भैरवात मुरलेल्या कानाला फार रुचेल. प नि रे म या कॉर्डचा जीव नि आणि म या जोडीत आहे. तीच जोडी कोमल रेवर उभ्या केलेल्या डॉमिनंट सेव्हन्थमध्येही सापडते. म्हणून प काढून पायाशी कोमल रे ठेवता येतो आणि तिथून अर्ध्या स्वराने सावर उतरता येतं.

पेटीवरून या वाटेला गेलेला माणूस शेजारच्याच नगर जिल्ह्यातला. पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र आधी मिनर्व्हा मूव्हीटोन या चित्रपट कंपनीत पेटी वाजवत. मुंबईत तेव्हा जॅझ रुळलेला होता. शिकागोत नाव काढलेला पियानोवादक टेडी वेदरफर्ड १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात वाजवून गेला होता. गोव्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट रामचंद्रांच्या साथीला आला, आणि १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात भगवानदादा त्या तालावर नाचले.

नारायणगावच्या कीबोर्डवाल्याने सुरुवात ‘ऑटम लीव्ह्ज’ या जॅझवाल्यांच्या आवडत्या गाण्यापासून करावी. गायिकेसाठी पट्टी बदलायची त्याला सवय असतेच. या चालीच्या एका प्रचलित पट्टीत तीन पावलं आधी काळी पाचवर येऊन टेकतात आणि काही मात्रांतच पांढरी पाचवर, तीही कोमल गंधाराच्या घरात. गाणं न थांबवता षड्ज असा हलवायचा, एवढंच त्याला नवं.